अ अधिक शून्य बरोबर अ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर प्राथमिक शाळेत गणित शिकवले. त्यामुळे विषय निवडताना मी मोठ्या, दिपवणाऱ्या सिद्धांतांकडे गेलो नाही. पाचवी-सहावीच्या पुस्तकात गुणधर्मांच्या यादीत एक ओळ असते: कोणत्याही संख्येत शून्य मिळवले तर तीच संख्या मिळते. अ + ० = अ. म्हणून शून्याला बेरजेतला अविकारक घटक म्हणतात. या ओळीवर वर्गात फार तर दोन मिनिटे खर्च होतात. परीक्षेत रिकाम्या जागा भरा, एक गुण. आजचा तासभर मी या एका ओळीला देणार आहे, कारण माझी अशी ठाम समजूत आहे की शाळेतल्या बीजगणिताचा बराचसा भार या ओळीवर आहे आणि ती घाईने उरकल्यामुळे पुढे मुलांचे फार नुकसान होते.

पाचवीतल्या एका मुलीने मला विचारले होते, "सर, शून्य मिळवून काहीच होत नसेल तर ते मिळवायचं कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. तिच्या वहीतच त्याचे उत्तर होते. ती २०४ आणि ३५ यांची बेरीज करत होती. एककात ४ आणि ५, नऊ. दशकात ० आणि ३. इथे तिने न थांबता ३ लिहिले. शतकात २. उत्तर २३९. दशकाच्या घरात तिने शून्य मिळवले होते आणि आपण तसे केले हे तिच्या लक्षातही आले नव्हते.

हे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. २०४ मधले शून्य हे आधी एक चिन्ह आहे. दशकाचे घर मोकळे आहे, ते राखून ठेवा, नाहीतर २०४ चे २४ होतील, एवढीच सूचना ते देते. पण बेरीज करायला बसलो की त्याच खुणेला आपण संख्या म्हणून वागवतो आणि तिच्यात ३ मिळवतो. खूण असलेले शून्य आणि संख्या असलेले शून्य एकाच जागी, एकाच आकारात भेटतात. ही गाठ बसते ती अ + ० = अ मुळेच. २०४ म्हणजे दोन शतके, अधिक शून्य दशके, अधिक चार एकक. मधल्या पदाने बेरजेत काहीही ढवळाढवळ करायची नाही, ही अट शून्य पाळते, म्हणून ते तिथे बसवता येते.

इतिहासात मात्र या दोन शून्यांमध्ये बरेच अंतर आहे. बाबिलोनियातल्या गणकांनी मातीच्या पाट्यांवर साठच्या पटीत संख्या लिहिताना मधले रिकामे घर दाखवण्यासाठी खूण वापरली. त्या खुणेत काही मिळवता येईल असे त्यांना वाटल्याचे दिसत नाही. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा लेख आहे. देवाच्या फुलबागेच्या मोजमापात २७० हात आणि रोजच्या ५० माळा असे आकडे त्यात आहेत, आणि त्यातले वाटोळे शून्य आजच्या कुठल्याही मराठी माणसाला वाचता येते. अनेकांना वाटते की शून्याचा शोध म्हणजे हे वाटोळे चिन्ह. मला ते अर्धे सत्य वाटते.

दुसरा अर्धा भाग या लेखाच्याही आधीचा आहे. इ.स. ६२८ मध्ये भिल्लमाल, म्हणजे आजच्या राजस्थानातले भीनमाळ, इथल्या ब्रह्मगुप्ताने 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. त्याच्या अठराव्या अध्यायात धन, ऋण आणि शून्य या तिघांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम आहेत. धन आणि शून्य यांची बेरीज धन, ऋण आणि शून्य यांची ऋण, शून्य आणि शून्य यांची शून्य. आणि समान धन व ऋण यांची बेरीज शून्य. शून्य कसे दिसते याबद्दल तो काही सांगत नाही. ते इतरांशी कसे वागते एवढेच सांगतो. आपली ओळख आपल्या वागण्यातून सिद्ध करणारी संख्या, हा गणितातला फार मोठा विचार आहे, आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या अमूर्त बीजगणिताने नेमका हाच रस्ता धरला.

आता हा रस्ता थोडा आपण चालून पाहू. समजा, एखाद्या बेरजेत अविकारक घटक दोन आहेत. एकाला श म्हणू, दुसऱ्याला प. दोघांचाही गुण असा की कोणाशीही बेरीज करा, समोरचा जसाच्या तसा राहतो. मग श + प किती? प अविकारक आहे, म्हणून उत्तर श. पण श सुद्धा अविकारक आहे, म्हणून उत्तर प. एकाच बेरजेची ही दोन उत्तरे, तेव्हा श आणि प एकच. झाली सिद्धता. अविकारक घटक असला तर एकच असतो. सातवीतल्या मुलांसमोर मी ही सिद्धता फळ्यावर मांडली आहे, आणि शेवटच्या ओळीला वर्गात जो आवाज होतो तो मला कोणत्याही सूत्रापेक्षा मोलाचा वाटतो. त्यांना पहिल्यांदा कळते की गणितात एखादी गोष्ट एकच आहे हे न मोजताही सांगता येते.

"असला तर" हे शब्द मात्र महत्त्वाचे. १, २, ३ अशा नैसर्गिक संख्यांमध्ये बेरजेचा अविकारक घटक नाही. तो हवा म्हणून शून्य आत घेतले आणि पूर्ण संख्या झाल्या. उलट, काही ठिकाणी अविकारक घटक असतो पण तो शून्यासारखा दिसत नाही. घड्याळाची बेरीज घ्या. नऊ वाजल्यानंतर पाच तासांनी दोन वाजतात, म्हणजे ९ + ५ = २. नऊ वाजल्यानंतर बारा तासांनी पुन्हा नऊ. पाचानंतर बारा तासांनी पुन्हा पाच. या बेरजेत कोणालाही धक्का न लावणारा घटक आहे १२. तबकडीवरचा सगळ्यात मोठा आकडा इथे शून्याचे काम करतो. वारांच्या हिशेबात हेच काम ७ कडे आहे. शून्य म्हणजे 'काही नाही' असे ज्याच्या डोक्यात पक्के बसले आहे, तो इथे अडखळतो. ज्याला शून्याचे काम ठाऊक आहे, तो १२ ला लगेच ओळखतो.

उलट बाजूने एक सावधगिरी. आकड्याचा आकार शून्याचा असला म्हणजे तो अविकारक असतोच असे नाही. नाशिकला १० अंश सेल्सियस आणि पुण्याला १५ अंश, मिळून २५ अंश, या वाक्याला काही अर्थ नाही. तापमानांची बेरीजच होत नाही, त्यामुळे तिथले ० अंश ही पाणी गोठण्यापाशी मारलेली रेघ आहे. तापमानातली वाढ मात्र बेरजेत बसते. सकाळी तापमान ६ अंशांनी वाढले, दुपारी ० अंशांनी, एकूण वाढ ६. हा फरक विज्ञानाच्या शिक्षकांनी आणि गणिताच्या शिक्षकांनी एकत्र बसून मुलांना दाखवला पाहिजे.

आता बीजगणिताकडे वळतो. क्ष + ७ = १२ हे समीकरण सोडवताना आपल्या सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य असते: ७ पलीकडे नेला की चिन्ह बदलते. आकडे बरोबरच्या चिन्हावरून उडी मारतात आणि उडी मारताना रंग बदलतात, अशी काहीतरी जादू मुलांच्या मनात तयार होते. मग २क्ष = १२ मध्येही २ पलीकडे नेऊन वजा करणारी मुले भेटतात. खरे काय घडते ते पूर्ण लिहू. दोन्ही बाजूंना −७ मिळवा. डावीकडे क्ष + ७ + (−७), उजवीकडे १२ + (−७). आता ७ आणि −७ एकत्र आले की ०. म्हणून डावीकडे क्ष + ०. आणि क्ष + ० म्हणजे क्ष. तेव्हा क्ष = ५.

या मांडणीतली 'क्ष + ०' ही ओळ आपण कधीच लिहीत नाही. नेमकी तीच गाळली जाते आणि समजही तिथेच गळतो. ७ नाहीसा झाला तो त्याला त्याची विरुद्ध संख्या भेटली म्हणून. विरुद्ध संख्या म्हणजे जिच्याशी बेरीज केल्यावर शून्य येते ती. म्हणजे शून्य नसेल तर 'विरुद्ध' या कल्पनेलाच जागा नाही, वजाबाकी ही बेरजेचीच एक तऱ्हा आहे हे सांगता येत नाही आणि समीकरण सोडवण्याची रीत उभीच राहत नाही. ब्रह्मगुप्ताच्या यादीत समान धन आणि ऋण यांच्या बेरजेचा नियम आहे, तो याच कामाचा. माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे की निदान पहिले वर्षभर तरी ही ओळ मुलांकडून लिहून घ्या. वही जास्त लागेल, लागू द्या.

आणखी पुढे गेले की अ + ० = अ ही ओळ उलट दिशेने वाचायची असते, आणि तिथे तिची खरी श्रीमंती दिसते. कोणत्याही राशीत शून्य मिळवायला आपण मोकळे आहोत. आणि शून्य हजार रूपांत मिळवता येते: ९ − ९, ४व − ४व, हवे ते. वर्ग पूर्ण करण्याच्या रीतीत आपण हेच करतो. एक सुंदर उदाहरण देतो. कोणतीही नैसर्गिक संख्या घ्या, तिला न म्हणू. तिचा चौथा घात करा आणि त्यात ४ मिळवा. ३ घेतले तर ८१ + ४ = ८५. ५ घेतले तर ६२५ + ४ = ६२९. ७ घेतले तर २४०१ + ४ = २४०५. यातून १ पेक्षा मोठ्या कोणत्याही न साठी मूळ संख्या मिळेल का?

न च्या वर्गाला व म्हणू. मग आपली राशी व × व + ४. हिचे अवयव दिसत नाहीत. आता तिच्यात शून्य मिळवा, पण ४व − ४व या रूपात. राशी झाली व × व + ४व + ४ − ४व. पहिली तीन पदे म्हणजे (व + २) चा वर्ग. शेवटचे ४व म्हणजे २न चा वर्ग. दोन वर्गांची वजाबाकी आली, तेव्हा अवयव पडले: (व + २ + २न) आणि (व + २ − २न). न = ३ साठी १७ आणि ५, गुणाकार ८५. न = ५ साठी ३७ आणि १७, गुणाकार ६२९. न १ पेक्षा मोठा असेल तर दोन्ही अवयव १ पेक्षा मोठे असतात, म्हणून मूळ संख्या कधीच मिळणार नाही. अनंत संख्यांबद्दलचा निकाल आपण एका शून्याच्या जोरावर लावला. सोफी जर्मेन या फ्रेंच गणितज्ञ स्त्रीचे नाव या अवयवांशी जोडलेले आहे. पुढे कलनशास्त्रात दोन फलांच्या गुणाकाराचे विकलज काढताना विद्यार्थी एक पद मिळवतात आणि तेच वजा करतात. तीही हीच युक्ती. "सर, हे पद आलं कुठून?" असे विचारणाऱ्याला सांगावे, पाचवीच्या पुस्तकातून.

बेरजेतले शून्य गुणाकारात गेले की काय होते? ५ × ० = ० हे आपण पाठ करून घेतो आणि मुले ५ + ० = ० व ५ × ० = ५ अशी सरमिसळ करत राहतात. खरे तर हा दुसरा नियम पहिल्यातूनच निघतो. शून्य अविकारक आहे, म्हणून ० + ० = ०. तेव्हा ५ × ० म्हणजेच ५ × (० + ०). वितरण गुणधर्माने ते झाले ५ × ० + ५ × ०. म्हणजे ५ × ० या राशीत पुन्हा ५ × ० मिळवले तरी ती तेवढीच राहिली. दोन्ही बाजूंतून ५ × ० एकदा वजा करा, ५ × ० = ० उरते. इथे आपण नवीन काहीही गृहीत धरले नाही. बेरीज आणि गुणाकार यांचे नाते जपायचे असेल तर शून्याला गुणाकारात असेच वागावे लागते.

आणि म्हणूनच शून्याने भागता येत नाही. ५ ला शून्याने भागायचे म्हणजे ज्या संख्येला शून्याने गुणून ५ येतील ती शोधायची. अशी संख्या नाही, कारण गुणाकार नेहमी शून्यच येतो. शून्याला शून्याने भागायचे तर उलट अडचण, प्रत्येक संख्या उत्तर म्हणून चालते. ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे लिहिले, ते इथे टिकत नाही. बेरजेत अचूक चाललेले त्याचे पाऊल भागाकारात अडले. सातव्या शतकात त्याने हा प्रश्न अंगावर घेतला, याचे मोल या चुकीने कमी होत नाही.

पाचशे वर्षांनी हा धागा आपल्या महाराष्ट्रात येतो. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ, गौताळ्याच्या डोंगराच्या कुशीत पाटण आहे. तिथला शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे त्यात कोरले आहे, आणि लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. गणिताच्या ग्रंथांसाठी मठ! पाटणदेवीला दर्शनाला जाणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते. याच्या पाच वर्षे आधी, १२०२ मध्ये, पिसाचा लिओनार्दो आपल्या 'लिबेर अबाची'त युरोपला भारतीयांचे नऊ अंक आणि शून्याचे चिन्ह समजावून सांगत होता. तिकडे खुणेची ओळख होत होती, त्याच सुमारास इकडे शून्याच्या गणितावरच्या ग्रंथांसाठी पाठशाळा उभी राहत होती.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्यातल्या 'बीजगणिता'त शून्याने भागलेल्या राशीला ते खहर म्हणतात आणि तिचा एक गुण सांगतात: तिच्यात कितीही मिळवा वा तिच्यातून कितीही काढा, ती बदलत नाही. सृष्टीच्या उत्पत्तीच्या आणि प्रलयाच्या वेळी अनंत अच्युतात जीव आले-गेले तरी त्याला विकार होत नाही, असा दाखला ते देतात. आता हे वर्णन शून्याच्या शेजारी ठेवून पाहा. शून्य ज्याच्यात मिसळते त्याला बदलत नाही. खहर राशीत कोणीही मिसळले तरी ती स्वतः बदलत नाही. दोन्हीकडे 'बदल नाही', पण कोणात, हे अगदी उलटे. भास्कराचार्यांनी अनंताचे लक्षण बेरजेतल्या वागण्यावरून सांगितले, हे मला त्या दाखल्याइतकेच थोर वाटते.

पण याच लक्षणामुळे खहर राशीला इतर संख्यांच्या पंगतीत बसवता येत नाही. तिला ख म्हणू. ख + ५ = ख असेल आणि ख ला इतरांसारखी विरुद्ध संख्या असेल, तर ती दोन्हीकडे मिळवा. डावीकडे ० + ५, उजवीकडे ०. म्हणजे ५ = ०. पाचाच्या जागी कोणतीही संख्या घ्या, सगळ्या शून्य. बेरजेला अविकारक घटक एकच असतो हे आपण आधी पाहिले. ख आत आला की सगळ्याच संख्या अविकारक होऊ पाहतात. म्हणून आजचे गणित अनंताला मान देते, पण बेरीज-वजाबाकीच्या नेहमीच्या नियमांत त्याला मोकळे सोडत नाही.

आता आपल्या मूळ ओळीकडे परत येऊ. १८८९ मध्ये इटलीतल्या जुझेप्पे पेआनोने नैसर्गिक संख्यांची गृहीतके मांडली. त्याने सुरुवात १ पासून केली होती, नंतर ती शून्यापासून करण्याची पद्धत पडली. त्या मांडणीत बेरजेची व्याख्या दोन ओळींची आहे. पहिली ओळ: अ + ० = अ. दुसरी ओळ: अ मध्ये ब च्या लगतची पुढची संख्या मिळवली, तर अ + ब च्या लगतची पुढची संख्या मिळते. बस. या संख्यांची प्रत्येक बेरीज या दोन ओळींतून उतरते, आणि प्रत्येक बेरीज करत करत शेवटी पहिल्या ओळीवरच येऊन टेकते.

गंमत पुढे आहे. अ + ० = अ ही व्याख्या झाली, पण ० + अ = अ? ते आपल्याला कोणी दिलेले नाही. क्रम बदलला तरी बेरीज तीच, हेही अजून सिद्ध व्हायचे आहे. म्हणून पायरी पायरीने जावे लागते. ० + ० = ०, पहिल्या ओळीने. ० + १ म्हणजे ० + ० च्या लगतची पुढची, म्हणजे १. ० + २ म्हणजे ० + १ च्या लगतची पुढची, म्हणजे २. एका पायरीवर खरे असेल तर पुढच्या पायरीवरही खरे, असे दाखवले की गणिती विगमनाने सगळ्यांसाठी सिद्ध. जे आपल्याला डोळे मिटून खरे वाटते त्यालाही चढायला शिडी लागते, हे बारावीच्या मुलाला एकदा तरी करून पाहू द्यावे.

शेवटी एक प्रश्न घेतो, जो मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारते: शून्याचा क्रमगुणित १ कसा? पाचाचा शून्यावा घात १ का? उत्तर बेरजेपासून सुरू होते. एखाद्या रविवारी दुकानात एकही गिऱ्हाईक आले नाही, तर त्या दिवसाची विक्री किती? शून्य, हे सगळेच सांगतील. का शून्य? कारण सोमवार ते शनिवारच्या विक्रीत रविवारची रिकामी यादी जोडली तरी आठवड्याची बेरीज तीच राहिली पाहिजे. रिकाम्या यादीची बेरीज म्हणजे बेरजेचा अविकारक घटक. आता बेरजेच्या जागी गुणाकार ठेवा. गुणाकारात समोरच्याला न बदलणारी संख्या १ आहे. म्हणून एकही संख्या न घेता केलेल्या गुणाकाराचे उत्तर १. पाचाचा शून्यावा घात म्हणजे एकही पाच न घेता केलेला गुणाकार. शून्याचा क्रमगुणितही तसाच. पडताळा हवा असेल तर चाराच्या क्रमगुणितापासून खाली उतरा: २४ ला ४ ने भागले की ६, त्याला ३ ने भागले की २, त्याला २ ने भागले की १, त्याला १ ने भागले की पुन्हा १, आणि ही शेवटची पायरी म्हणजेच शून्याचा क्रमगुणित. हे सगळे आठवीतल्या मुलाला समजते, त्यासाठी अकरावीची वाट पाहायची गरज नाही.